शेजारी तणनाशक फवारलं, तुमची बाग करपली: कुठे जायचं, किती लागतात, पैसे कुठे वाया जातात

नवी मुंबईतलं उलवे, करंजाडे, तळोजा, द्रोणागिरी, खारघरची डोंगराकडची बाजू. इमारतीच्या एका अंगाला भातखाचर, दुसऱ्या अंगाला गवत माजलेला रिकामा भूखंड आणि मध्ये तुमच्या अंगणातली मिरची, टोमॅटो, जास्वंद. वारा असताना कुणीतरी तणनाशक मारतं आणि दोन-चार दिवसांत तुमच्या रोपांचे शेंडे पिळवटतात. नुकसान बहुतेक वेळा काही हजारांत असतं. भरपाईच्या मागे लागून त्याहून जास्त खर्च होतो, कारण लोक सुरुवातच चुकीच्या कार्यालयापासून करतात. कृषी कार्यालय, पोलीस ठाणे, महापालिका, ग्राहक आयोग यांपैकी कुठे जायचं हे एकाच गोष्टीवर ठरतं: फवारणी कुणी केली? त्याचं उत्तर मिळेपर्यंत वकिलाला आणि प्रयोगशाळेला एक रुपयाही देऊ नका.

पहिला दिवस

फवारणी चालू असतानाच लक्षात आलं, तर आधी माणसं आत, खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, पाण्याच्या टाकीचं झाकण लावा. मग गॅलरीतूनच व्हिडिओ काढा. पाठीवरचा पंप, माणूस, झाडांची पानं कुठल्या दिशेला हलताहेत, शेजारची ओळखीची इमारत, सगळं एका चौकटीत यायला हवं. तारीख आणि ठिकाण छापणारं कॅमेरा ॲप फुकट मिळतं. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटोतली मूळ माहिती गळून जाते. मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या. प्रकरण पुढे गेलं तर तोच पुरावा.

मग नमुना. पानं धुण्याआधी. हातमोजे घाला, सर्वांत जास्त बाधलेल्या रोपांची मूठभर पानं ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, पिशवीवर तारीख लिहा आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवा. दुसरी पुडी बागेच्या दुसऱ्या टोकाच्या, न बाधलेल्या त्याच जातीच्या रोपाची. दोन्ही पुड्या अन्नापासून वेगळ्या, बंद डब्यात. याला खर्च शून्य, आणि नंतर तपासणी करायची वेळ आलीच तर या पुड्यांवाचून ती करताच येत नाही.

नमुना घेऊन झाला की झाडं साध्या पाण्याने भरपूर धुवा. ग्लायफोसेट किंवा २,४-डीचं अमाइन पानात मुरायला काही तास लागतात, म्हणून त्याच दिवशी धुतल्याचा फायदा होतो. पॅराक्वाट अर्ध्या तासात काम करून मोकळं होतं, तिथे धुण्याने झाड वाचत नाही. साबण, सोडा, ताक, गोमूत्र यांपैकी काहीही घालू नका. साबणाने उलट औषध पानात जास्त शिरतं.

त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा शेजाऱ्यांच्या गटावर चार ओळींचा संदेश टाका: तारीख, वेळ, काय दिसलं, कुठे दिसलं. आजूबाजूच्या दोन-तीन घरांतही तसंच नुकसान दिसलं तर त्यांचे फोटो घ्या. एकट्याची तक्रार ‘तुम्हीच जास्त खत घातलं असेल’ म्हणून उडवली जाते, चार घरांची उडवता येत नाही.

तणनाशकच आहे का?

हे आधी घरीच ठरवा, कारण इथे निम्म्या तक्रारी गळतात. मिरचीचा चुरडा-मुरडा फुलकिडे, कोळी आणि विषाणूमुळेही होतो. मग तो फक्त मिरचीवर असतो, आणि शेजारची वांगी, जास्वंद ठणठणीत असतात. तणनाशक उडून आलेलं असेल तर एकाच वेळी वेगवेगळ्या जातींची झाडं बाधतात, शेताकडची किंवा भूखंडाकडची बाजू जास्त आणि भिंतीआडच्या कुंड्या कमी.

कुठलं औषध, याचाही अंदाज येतो. शेंडे पिळवटलेले, पानं अरुंद, वाटीसारखी वळलेली, शिरा जवळजवळ समांतर: हे २,४-डी. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस शेतकऱ्यांच्या हे ओळखीचं आहे. शेजारच्या ज्वारीत किंवा मक्यात मारलेलं २,४-डी कपाशीवर आलं की तिची पानं भेंडीच्या पानांसारखी होतात. भात, ज्वारी, ऊस ही गवतवर्गीय पिकं त्याला दाद देत नाहीत. रुंद पानांची टोमॅटो, कापूस, द्राक्षं, वेलवर्गीय भाज्या थोड्याशा वाफेनेही बाधतात. म्हणूनच भातखाचर हिरवंगार आणि तुमचा टोमॅटो आडवा, असं दिसतं.

ग्लायफोसेट सावकाश मारतं. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, मग कोवळ्या शेंड्यापासून पिवळेपणा सुरू होतो. त्यामुळे आज दिसणारं नुकसान गेल्या आठवड्यातल्या फवारणीचं असू शकतं. मोबाइलमधले जुने फोटो आणि वॉचमनची वही तपासा. पॅराक्वाट एक-दोन दिवसांत जिथे थेंब पडला तिथे भाजल्यासारखे डाग पाडतं, नवीन पान मात्र निरोगी येतं.

तळोजा किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्याजवळ राहत असाल तर आणखी एक शक्यता तपासा. पानांच्या कडा सगळीकडून करपल्यात, शेंडे सरळ आहेत, आणि त्या रात्री उग्र वास होता? मग प्रश्न तणनाशकाचा नाही, हवेचा आहे. त्यासाठी सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनातलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय. शेतातल्या फवारणीची तक्रार मात्र तिथे नेऊ नका, ते तुम्हाला परत पाठवतील.

शंका असेल तर किसान कॉल सेंटर, १८०० १८० १५५१, मराठीत आणि फुकट, सकाळी ६ ते रात्री १०. फोन करताना झाडाचं नाव, लक्षण कोणत्या दिवशी दिसलं आणि नवं पान कसं येतंय, या तीन गोष्टी तयार ठेवा.

फवारलं कुणी? इथेच सगळं ठरतं

कीटकनाशक कायदा १९६८ चा. नावात कीटक असला तरी तणनाशकंही त्यातच येतात. पण त्याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये एक मोठी सूट आहे: स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कुणी औषध वापरलं तर हा कायदा त्याला लागू होत नाही. म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याने स्वतःच्या खाचरात फवारलं, तर ‘त्याच्यावर कीटकनाशक कायद्याखाली कारवाई करा’ हा अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो. तालुका कृषी अधिकारी फार तर येऊन पाहतील आणि समज देतील. त्याचाही उपयोग आहे, पण तेवढाच.

नवी मुंबईत मात्र फवारणारा बहुतेक वेळा शेतकरी नसतोच. पावसाळ्यानंतर रिकाम्या भूखंडाचं गवत मारायला मालक ठेकेदार पाठवतो. सोसायटी डास आणि गवत दोन्हींचं कंत्राट एकाच पेस्ट कंट्रोलवाल्याला देते. पदपथ, नाले, उद्यानांच्या कडा महापालिकेच्या किंवा सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) कंत्राटदाराकडे. रुळांच्या कडेला रेल्वेचं तणनाशक, आणि तिथल्याच भाजीच्या वाफ्यांवर त्या वाफेवाल्याचं. ठेकेदार असेल तर कलम ३८ ची पळवाट नाही. पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याकडे कृषी विभागाचा कीडनियंत्रण परवाना लागतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला. सोसायटीचा माळी बाटली घेऊन फिरत असेल तर तो त्या यादीत बसत नाही. उद्योगाने या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान दिलं आहे, म्हणून अर्जात तिचा उल्लेख जरूर करा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. मुख्य प्रश्न परवान्याचा ठेवा.

मालक शोधायचा असेल तर गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीसाठी महाभूनकाशा या सरकारी पोर्टलवर गट नंबर पाहा आणि महाभूलेख पोर्टलवर सातबारा. नुसता पाहायला फुकट, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. कुणी एजंट ‘मालकाचं नाव काढून देतो’ म्हणून पाचशे मागत असेल तर देऊ नका. सिडकोच्या नोडमधल्या, प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडांचा असा सातबारा चालत नाही. तिथे सिडको भवनात माहिती अधिकार.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, कोर्ट फी स्टँप लावून किंवा राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइन. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. लांबण लावली तर तेवढ्यावरून परत येतो. प्रती पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये. मागायचं नेमकं एवढंच: अमुक सेक्टर, अमुक तारीख, तण काढण्याचा कार्यादेश, ठेकेदाराचं नाव, त्याच्या कीडनियंत्रण परवान्याची प्रत, वापरलेल्या रसायनाचं नाव. ‘झालेल्या नुकसानीस जबाबदार कोण?’ असं विचारू नका. तो प्रश्न आहे, माहिती नाही, आणि त्याच कारणाने फेटाळला जातो.

कोणत्या हद्दीत तुम्ही?

दिघ्यापासून सीबीडी बेलापूरपर्यंत नवी मुंबई महानगरपालिका, जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा ही २०१६ पासून पनवेल महानगरपालिका, जिल्हा रायगड. उलवे आणि द्रोणागिरी सिडकोकडे, जिल्हा रायगडच. पोलीस आयुक्तालय सगळ्यांचं एकच, नवी मुंबई. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असतं म्हणून खारघरची माणसं बेलापूरला महापालिकेत अर्ज देतात. तो अर्ज हलत नाही आणि कुणी कळवतही नाही.

महापालिका हद्दीत विभाग कार्यालयात अर्ज द्या, उद्यान विभागाला प्रत. गावांच्या हद्दीत, म्हणजे पनवेल-उरण तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहाय्यक (आताचे सहायक कृषी अधिकारी) आणि सरपंच यांना एकदम अर्ज द्या आणि पाहणीचा पंचनामा मागा. तो फुकट असतो. त्यातून सरकारी मदत मिळेल या भ्रमात मात्र राहू नका. नैसर्गिक आपत्तीच्या निकषांत हे बसत नाही, पीक विम्यातही नाही. पंचनाम्याचा उपयोग समझोत्याच्या बैठकीत होतो: दोन पंचांच्या सह्या असलेला कागद समोर असला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. अर्जाला जोडायचं: राहत्या जागेचा पुरावा, फोटो तारखांसह, नुकसानीची यादी, शेजाऱ्यांच्या सह्या. एवढं पुरतं. आधार कार्डाची प्रत मागितली तर त्यावर ‘फक्त या तक्रारीसाठी’ असं लिहूनच द्या.

प्रयोगशाळेत पैसे घालण्याआधी

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात.

पहिली गोष्ट, माती परीक्षण हे यासाठी नाही. सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळा नत्र, स्फुरद, पालाश, सामू सांगते. तणनाशकाचा अंश तिच्या अहवालात येतच नाही. ‘माती तपासून आणा’ असा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका.

दुसरी, ठाण्याची कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळा बाटलीतल्या औषधाची गुणवत्ता तपासते, पानावरचा अंश नाही. नाव सारखं, काम वेगळं.

पानावरच्या अंशासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची खासगी प्रयोगशाळा लागते. अशा प्रयोगशाळा टीटीसी पट्ट्यातही आहेत. खर्च काही हजारांत जातो, वर १८ टक्के जीएसटी. दरपत्रकात बहुधा जीएसटी धरलेला नसतो, नमुना घेऊन जाण्याचे पैसे वेगळे आणि ‘तातडीचा अहवाल’ म्हटलं की दर वाढतो. पण खरी फसगत वेगळीच आहे. ‘तीनशे कीटकनाशकांची एकत्र तपासणी’ असं पॅकेज स्वस्त आणि भरघोस वाटतं. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट या एकत्र पद्धतीत सापडत नाहीत. त्यांच्या तपासणीच्या पद्धती स्वतंत्र आहेत आणि पैसेही स्वतंत्र. पॅकेजचा अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो, आणि समोरचा तोच कागद तुमच्या विरुद्ध वापरतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: तुमच्या यादीत हे रसायन आहे का? ही पद्धत तुमच्या एनएबीएल व्याप्तीत आहे का? पानांचा नमुना चालतो का, किती ग्रॅम लागतो, किती दिवसांत अहवाल? चारपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी प्रयोगशाळा बघा.

माझं मत विचाराल तर नुकसान वीस-पंचवीस हजारांच्या आत असेल तर तपासणी करूच नका. व्हिडिओ, चार घरांचे फोटो आणि ठेकेदाराच्या बिलावरचं रसायनाचं नाव एवढ्यावर वाद मिटतो. घरगुती रोपवाटिका असेल, विक्रीची रोपं गेली असतील किंवा कुणाच्या तब्येतीवर परिणाम झाला असेल, तरच तो खर्च करा.

घरच्या घरी होणारी तपासणी दहा-वीस रुपयांत होते. दोन कुंड्या घ्या, एकीत संशयित माती, दुसरीत नवी. दोन्हींत चवळीचे किंवा वालाचे आठ-दहा दाणे पेरा. दोन-तीन आठवड्यांत संशयित कुंडीतली रोपं वाकडी, पानं वळलेली आली तर मातीत २,४-डीसारखं औषध अजून आहे. दोन्ही सारखी आली तर माती वापरा. ही युक्ती ग्लायफोसेटला चालत नाही, कारण ते मातीला चिकटून निष्क्रिय होतं आणि मुळांतून जात नाही.

भरपाई: तीन वाटा आणि त्यांचे दर

*समझोता.* बहुतेकांनी इथेच थांबावं. नुकसानीची यादी करा: रोपं, कुंड्यांतलं मिश्रण, मजुरी. नर्सरीची बिलं असतील तर जोडा, नसतील तर आजच्या दराचं एका नर्सरीचं कोटेशन घ्या. ‘मानसिक त्रासाचे पन्नास हजार’ लिहिलंत की समोरचा उठून जातो. ठेकेदाराकडे किंवा भूखंडमालकाकडे पैशाऐवजी रोपं आणि माती मागितली तर ते लवकर देतात. पैसे मोठे असतील तर समझोता लेखी करा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभरचा मुद्रांक चालत नाही, अशा करारनाम्याला पाचशेचा लागतो. स्टँप व्हेंडर वर शे-दोनशे मागतात, ते द्यायचं कारण नाही. चार-पाच हजारांच्या प्रकरणात मुद्रांक नकोच. साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि रक्कम यूपीआयने, म्हणजे नोंद आपोआप राहते.

*ग्राहक आयोग.* हा सगळ्यांसाठी नाही. तुम्ही किंवा तुमच्या सोसायटीने पैसे देऊन सेवा घेतली असेल, तरच तुम्ही ग्राहक. तुमच्याच सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याने तळमजल्याच्या बागा जाळल्या तर जाता येईल. शेजारच्या शेतकऱ्याविरुद्ध किंवा पलीकडच्या सोसायटीच्या ठेकेदाराविरुद्ध नाही. कुणी वकील ‘टाकू ग्राहक कोर्टात’ म्हणाला तर फी देण्याआधी हे विचारा. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. मुदत घटनेपासून २ वर्षं. वकील बंधनकारक नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येतो. नवी मुंबई महापालिका हद्दीसाठी ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा आयोग, कोकण भवन, बेलापूर. पनवेल, उलवे, द्रोणागिरीकरांना अलिबाग. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे, आणि नाव असलेली पेस्ट कंट्रोल कंपनी असेल तर पुष्कळदा तिथेच मिटतं.

*पोलीस आणि दिवाणी न्यायालय.* विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळून माणसाला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८६ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांच्या खेळण्याच्या जागेवर, पाण्याच्या टाकीवर, माणसांवर फवारा आला असेल तर जरूर जा. तक्रारीला पैसे लागत नाहीत, एफआयआर झाला तर प्रत फुकट मिळते. फक्त रोपं गेली असतील तर पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणतील, आणि खरं सांगायचं तर ते फारसे चुकणार नाहीत. दिवाणी दावा म्हणजे वकिलाची फी, तारखा आणि वर्षं. त्याआधी पनवेल किंवा बेलापूर न्यायालयातल्या विधी सेवा समितीत दाखलपूर्व समझोत्याचा अर्ज द्या. लोक अदालतीला कोर्ट फी नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ज्यांचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आहे त्यांना वकीलही फुकट मिळतो. चौकशीसाठी १५१००.

वकिलाची नोटीस हा लोकांचा आवडता शॉर्टकट. दोन-पाच हजार जातात आणि शेजारचा शेतकरी कायमचा दुरावतो. ठेकेदाराला मात्र ती लागू पडते, कारण त्याला पुढचं कंत्राट हवं असतं. तिथेही आधी त्याला कंत्राट देणाऱ्याला पत्र लिहा, त्याचे पैसे पडत नाहीत.

अंगावर फवारा आला तर

डोळे वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, कपडे बदला, आंघोळ करा. पोटात गेल्याची शंका असेल तर उलटी करवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. पॅराक्वाटवर उतारा नाही, तिथे तासांचा हिशेब असतो. बाटलीचा किंवा लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा; तो नसेल तर ठेकेदाराला तिथूनच फोन लावा. एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतून शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते बहुतांशी कीटकनाशकांनी, पण ‘गवताचंच तर औषध आहे’ म्हणून हलक्यात घेण्यासारखं हे प्रकरण नाही. लेबलवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ नाही.

फवारा पडलेली पालेभाजी खाऊ नका. पालक, माठ, मेथी, कोथिंबीर उपटून टाका. धुण्याने पानात मुरलेलं जात नाही. शेंगा, टोमॅटो, मिरची यांचा आलेला तोडाही सोडा. गायीला, बकरीला, सशाला घालू नका. जाळू नका. घरच्या कंपोस्टमध्ये तर अजिबात नको, नाहीतर तेच औषध पुढच्या हंगामात खतातून कुंडीत येईल. त्याच कारणाने बाहेरून आणलेलं वाळलं गवत आच्छादनाला वापरण्याआधी ते फवारून मारलेलं नाही ना, हे विचारा.

बाग परत उभी करताना

बाग करपली की दुकानदार टॉनिक, ह्युमिक, ‘अँटीडोट’ असं तीन बाटल्यांचं बिल करतो. तणनाशकावर उतारा म्हणून चालणारी अशी बाटली नाही. थोडक्यात बाधलेल्या रोपांचे वाकडे शेंडे खुडा, पाणी नियमित द्या, पंधरा दिवस खत थांबवा. खालून सरळ फूट आली तर झाड वाचलं. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता बहुधा सावरतात. वाट पाहा, लगेच उपटू नका. टोमॅटो, मिरचीचं रोप पार पिळवटलं असेल तर दहा-वीस रुपयांच्या नव्या रोपात भागतं, त्यावर महिना घालवू नका.

जमिनीतल्या वाफ्याला बहुधा काही करावं लागत नाही. ओल आणि ऊब असली की २,४-डी काही आठवड्यांत मातीत मोडतं, ग्लायफोसेट चिकणमातीला चिकटून बसतं. ॲट्राझिन मात्र महिनोन्महिने टिकतं. ठेकेदाराच्या बिलावर ते नाव दिसलं तर पेरणीआधी चवळीची तपासणी नक्की करा. कुंड्यांचं गणित वेगळं. कोकोपीटमध्ये चिकणमाती नसते, तिथे ग्लायफोसेट तितकं घट्ट बसत नाही. म्हणून भाजीच्या कुंड्यांचा वरचा दोन-तीन इंचांचा थर बदला. सगळी माती बदलायचा सल्ला नर्सरीवाला देईल. तो त्याच्या फायद्याचा.

पुढच्या वेळेसाठी जो खर्च खरंच कामी येतो तो छोटा आहे. पाठीवरच्या पंपाच्या नोझलला लावायचं प्लास्टिकचं हूड शे-दोनशे रुपयांत कृषी सेवा केंद्रात मिळतं. शेजारच्या शेतकरीदादांना सोसायटीने ते घेऊन द्यावं. नोटिशीपेक्षा कितीतरी स्वस्त. सोबत तीन विनंत्या: २,४-डी वापरणार असाल तर इथिल एस्टर नको, अमाइन घ्या, कारण एस्टर उन्हात वाफ होऊन नंतरही पसरतं; दुपारी समुद्राकडून वारा सुटल्यावर मारू नका, आणि अगदी निपचित पहाटेही नको, तेव्हा बारीक थेंब हवेत तरंगत राहतात, झुळूक बागेच्या उलट दिशेला असताना मारा; आणि आदल्या दिवशी एक फोन करा. फोन आला की कुंड्या आत किंवा वर जुनी चादर, एवढंच करायचं. भाताची लावणी झाल्यावर जुलै-ऑगस्ट आणि पाऊस सरल्यावर भूखंडांच्या गवताचा ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे दोन हंगाम लक्षात ठेवा. कुंपणाला शेडनेट लावायची असेल तर ती याआधी लावा; जाळी थेंब अडवते, वाफ अडवत नाही.

सोसायटीचं पेस्ट कंट्रोलचं कंत्राट नव्याने होणार असेल तर त्यात चार अटी लिहून घ्या: परवान्याची प्रत, प्रत्येक फेरीआधी दोन दिवस सूचना, बिलावर रसायनाचं पूर्ण नाव, आणि बागांच्या बाजूला फवारणी नाही, फक्त गवत कापणं. शेवटच्या अटीसाठी ठेकेदार मजुरी जास्त सांगेल. ती घासाघीस करून द्या, पण ‘मग आम्ही मीठ टाकून गवत मारतो’ हा पर्याय घेऊ नका. मिठाने गवत एका पावसात परत येतं, आणि कडेच्या झाडांची मुळं मात्र वर्षभर ते सोसत बसतात.